नाल्यातला गोटा

एक गोष्ट मी चाळीस वर्षं सांगत आलो. १४ एप्रिलला सांगितली, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला सांगितली, आपल्या या पानांवरही दोनदा लिहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती गोष्ट खोटी आहे. हे आज लिहून टाकतो.

गोष्ट अशी सांगायचो. वर्धा जिल्ह्यातलं आमचं गाव. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या लाखोंत माझा बा होता. पांढरं धोतर नेसून गेला आणि दुसराच माणूस होऊन परत आला. दोन महिने झाले नाहीत तर ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. वस्तीत चूल पेटली नाही. बा म्हणाला, आता त्यांचं काम आपल्यालेच करा लागते. मग त्यानं देव्हारा मोडला, आणि मी, दहा वर्षांचं पोर, मातामायचा शेंदराचा गोटा उचलून माझ्या हातानं नाल्यात भिरकावला. माय रडत होती. तिला देव सोडायला वर्षं लागली, मला एक क्षण पुरला.

ही गोष्ट सांगताना माझा आवाज चढायचा. समोर बायांच्या बाजूला माय पांढरं लुगडं नेसून बसलेली असायची. ती १९९१ साली गेली. तोवर एकदाही म्हणाली नाही, की बाबू, तसं नव्हतं.

दोन वर्षांखाली जयंतीला आत्या आली होती. पंच्याऐंशीच्या पुढची. कान गेले, पण आठवण शाबूत. भाषण संपल्यावर तिनं माझा हात धरला.

"काऊन रे, गोटा त तुह्या बानं टाकला होता ना? तू त रातच्यानं काढाले उतरला होता पान्यात. तुही माय कंदील धरून हुभी होती."

मी हसून म्हणालो, "आत्या, तुमचं वय झालं आता."

एका म्हातारीला मी चारचौघांत खोटं पाडलं. घरी आलो, जेवण गेलं नाही.

खरं काय घडलं ते सांगतो. गोटा बानं टाकला. मी दाराआड उभा होतो, भीतीनं थरथरत. पुढे उन्हाळ्यात, १९५७ साली, माझ्या धाकट्या बहिणीला देवी निघाल्या. चार वर्षांची होती. अंगभर फोड, डोळे चिकटलेले. खाटेखाली कडुनिंबाचा पाला, घरात फोडणी बंद. वस्तीतल्या बाया कुजबुजल्या, माय कोपली. बा कामावरून आला नव्हता. माय मला म्हणाली, "चाल. बापाले सांगू नोको." नाल्यात गुडघाभर पाणी होतं. मी चाचपडत चाचपडत तो गोटा काढला. घरी आणून कणगीमागं ठेवला. आणि मी नुसता आणला नाही. मी त्याला हात जोडले. डोकं टेकवून म्हणालो, बाचं चुकलं, पण माझ्या बहिणीला सोड.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

माती देऊन आलो. दुसऱ्या सकाळी मायनं कणगीमागून गोटा काढला. पदरात झाकला नाही. उघड्या हातात धरून भर उजेडात सगळ्या वस्तीसमोरून गेली आणि नाल्यात टाकून आली. बा पाहत राहिला. ती एवढंच म्हणाली, "पाह्यलं मी." त्यानंतर मायनं कुठल्या देवाला हात जोडला नाही. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता, त्याच्यापुढेही तिनं कधी काही मागितलं नाही.

म्हणजे माझ्या गोष्टीत जे धाडस माझं होतं ते मायचं होतं, आणि जी भीती मायची होती ती माझी होती. मी अदलाबदल केली. मग अदलाबदल केली हेही विसरलो.

विसरलो म्हणणं पण खोटंच. विसरल्यासारखं केलं. कारण आत आणखी एक घाण होती. कितीतरी वर्षं मला वाटत होतं, बानं गोटा टाकला म्हणून बहीण मेली. बाशी मी नीट बोलत नसे. लोक समजायचे, शिकलेलं पोर आहे, अबोल आहे. १९७७ साली देश देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. रोग लसीनं गेला. शाळेत मास्तर म्हणून मीच पोरांना हे शिकवलं. पण १९७९ साली माझ्या मुलाला फणफणून ताप चढला, तेव्हा मध्यरात्री मला नाला आठवला होता. बावीस प्रतिज्ञा पाठ होत्या आणि अंगावर काटा होता. दुसऱ्या महिन्यात एका बाईच्या पेटीत देवाची तसबीर सापडली म्हणून मीच तिला भर सभेत झापलं. आज कळतं, त्या बाईवर नव्हतो मी ओरडत.

१९८५ ला इगतपुरीला विपश्यनेला गेलो. दहा दिवस मौन. पहाटे चारला घंटा, पहिले तीन दिवस नुसता श्वास पाहायचा. सातव्या दिवशी अधिष्ठानाच्या बैठकीत, गुडघा पेटलेला असताना, पायाला नाल्याचं थंड पाणी लागलं. साफ दिसलं सगळं. कंदील, मायचा हात. मी काय केलं? हा मनाचा विकार आहे, येईल आणि जाईल, असं स्वतःला बजावलं आणि परत श्वासावर आलो. दोष त्या साधनेचा नाही. तिनं दाखवलं होतं. मी डोळे मिटून घेतले, मिटलेलेच होते तरी. परत येऊन लोकांना सांगितलं, फार शांती लाभली.

पिटकांत एक प्रसंग आहे. बुद्ध आपल्या मुलाला, राहुलाला, खोटं बोलण्याबद्दल समजावतो. भांड्यात उरलेलं थोडंसं पाणी दाखवतो. जाणूनबुजून खोटं बोलताना ज्याला लाज वाटत नाही त्याचं श्रामण्य एवढंच उरलं, म्हणतो. मग ते पाणी सांडून टाकतो, भांडं पालथं करतो. सम्राट अशोकानं भाब्रूच्या शिलालेखात भिक्षूंनी आणि उपासकांनी ऐकावेत असे जे उपदेश नोंदवले, त्यात हा राहुलाचा उपदेश आहे. मी हा प्रसंग विहारात कितीदा समजावून सांगितला. भांडं कायम दुसऱ्याचं समजून.

कालामांना बुद्ध म्हणाला, ऐकीव आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणूनही मानू नका. मी गुरूचं ऐकून फसलो नाही. स्वतःचंच भाषण ऐकून ऐकून फसलो.

आत्याकडे गेलो. पाया पडायला वाकलो तर म्हणाली, "पाया नोको पडू. बोल." बोललो. गेल्या १४ ऑक्टोबरला विहारात सगळ्यांसमोरही बोललो. काही जण नाराज झाले. एक कार्यकर्ता म्हणाला, सर, हे विरोधकांच्या हातात कोलीत देणं आहे. मागच्या रांगेतला एक तरुण उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "मग चाळीस वर्षं आम्हाला का फसवलं? तुमची गोष्ट ऐकून मी माझ्या आजीशी भांडलो होतो. ती गेली आता."

त्याला उत्तर देता आलं नाही. अजूनही नाही. त्याच्या आजीची माफी मी मागू शकत नाही, आणि माझ्या मायचीही नाही. एवढंच करू शकतो, की या पानांवर पूर्वी छापलेल्या माझ्या दोन्ही लेखांत जिथं जिथं "मी गोटा टाकला" असं आहे, तिथं वाचणाऱ्यांनी माझं नाव खोडावं. पहिल्या वेळेला बानं टाकला. दुसऱ्या वेळेला मायनं.

मी काढला होता.