व्हॉल्यूमचं बटण

गिरगावच्या चाळीत रात्री अकरानंतर गाणं ऐकायचं म्हणजे हेडफोन, तोही अगदी हळू. शेजारी झोपलेल्या बाबांनी हाक मारली तर ऐकू यायलाच हवी.

घरी हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर करायचा म्हटलं की सगळे आधी विचारतात, 'ऑप-अ‍ॅम्प कुठला?' ते सोपं आहे हो! चू मोय यांच्या प्रसिद्ध सर्किटसाठी ओपीए२१३४ घ्या. ९ व्होल्टच्या एका बॅटरीवर आरामात चालतो. खरी मेख व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये. लॅमिंग्टन रोडला (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग) नुसता '१० के' मागू नका, 'स्टिरिओ, लॉग' म्हणा. लिनियर घेतलात तर बटण जरा फिरवताच आवाज एकदम चढतो, पुढे फारसा फरकच नाही. आपला कान लॉगनेच ऐकतो ना!

तरी स्वस्त पॉटच्या दोन्ही बाजू अगदी खालच्या टोकाला सारख्या नसतात. गाणं एका कानाकडे झुकतं, आणि आमचं ऐकणं तर नेमकं तिथलंच. उपाय महाग पॉट नव्हे. मूळ सर्किटचा गेन ११ आहे. दोन्ही बाजूंचा फीडबॅकचा १० के रेझिस्टर काढून २.२ के लावा, १ के तसाच ठेवा; गेन साधारण ३ होतो. मग तेवढ्याच हळू आवाजाला बटण बरंच वर न्यावं लागतं, आणि तिथे दोन्ही कान जुळतात. खर्च? दोन रेझिस्टर, खिशातली चिल्लर!