पत्र्याची पेटी

आमच्या मानकोलीच्या घरात जिन्याखाली एक पत्र्याची पेटी असते. आमची नाही. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं एका मुलीचं नाव आणि इयत्ता. इयत्तेचा आकडा दर जूनमध्ये पुसून नवा घातल्यामुळे तिथं रंगाचा जाड पापुद्रा चढलाय. पेटी दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत आमच्याकडे, बाकी वर्षभर निवासी शाळेत, तिच्या कॉटखाली.

मुलगी कातकरी. शेत होतं तोवर तिचे आईवडील आमच्याकडे लावणीला, कापणीला यायचे. आता त्या शेतावर गोदाम आहे. मुंबई-नाशिक महामार्गानं येणारे कुणाकुणाचे टीव्ही, चपला, औषधं तिथं मुक्कामाला उतरतात आणि पुढे जातात. वस्तूंना मुक्काम देण्यात आमच्या भागाचा कुणी हात धरणार नाही. या एका पेटीला मात्र जागा नव्हती.

कारण साधं आहे. शाळेला दिवाळीची सुट्टी लागते आणि तिचं घर वीटभट्टीवर जायला निघतं. बयाणा पावसाळ्यातच घेऊन संपलेला असतो. भट्टीवर भोंगा, म्हणजे कच्च्या विटा रचून वर गवत नि प्लास्टिक टाकलेलं खोपट. आत जायचं ते वाकून. दार नाही. आठवड्याला खर्ची मिळते, आणि हजार विटांमागे किती, तो खरा हिशेब पावसाच्या तोंडावर. शाळेच्या फॉर्मवर 'कायमचा पत्ता' असा रकाना असतो. पहिल्यांदा तो भरताना मुलीच्या आईनं मला विचारलं होतं, "कायमचा म्हंजे कदीचा?"

लोकांना वाटतं, आम्ही तिला शिकवतो. तसं काही नाही. अनुसूचित जमातीच्या मुलांना नामांकित निवासी इंग्रजी शाळांत घालण्याची आदिवासी विकास विभागाची योजना आहे, फी शासन भरतं. भिवंडीकरांना त्यासाठी शहापूरचं प्रकल्प कार्यालय. माझ्या वाट्याला आल्या त्या रांगा. जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950च्या आधीचा पुरावा विचारतात. कातकऱ्यांचं नाव ज्या कातावरून पडलं, तो खैराच्या झाडापासून काढत ही माणसं रानोमाळ फिरत होती. त्यांच्या आज्याचा कागद कुठून यायचा? कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरी ही महाराष्ट्रातली विशेष असुरक्षित गणलेली जमात. ते खुद्द सरकारनंच ठरवलेलं, तरी पुरावा त्यांनीच आणायचा. शेवटी वडिलांच्या एका चुलत्याचं नाव जुन्या शाळेच्या रजिस्टरात सापडलं. दुसरीपर्यंत शिकला होता बिचारा. त्या दोन यत्ता नातीच्या कामी आल्या.

पहिल्या पालकसभेला मी तिच्या आईबरोबर गेले. शाळेतल्या बाई सगळं माझ्याकडे बघून बोलल्या. कागद पुढे आला, पेन माझ्या हातात आलं, आणि 'पालक' या शब्दाखाली मी झोकात सही ठोकली. आई शेजारच्याच खुर्चीत बसली होती. त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेली. परतताना रिक्षात ती काही बोलली नाही. मलाही काही खटकलं नाही, हे आता जास्त खटकतं. पुढच्या भेटीत मुलीनंच मला बाजूला घेतलं. "काकू, तुम्ही सही नका करू. आईचा अंगठा चालतो, मी विचारलंय."

तेव्हापासून माझ्या पिशवीत शाईचा पॅड असतो. ऑफिसात तो कधी सापडत नाही. सापडला तर वाळलेला. आई अंगठा उठवते, मुलगी शेजारी आईचं पूर्ण नाव लिहिते, मग दोघी मिळून भिंतीच्या आडबाजूला बोट पुसतात.

कधी वाटतं, शाळेनंच मुलापाशी जायला हवं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी 1945 साली बोर्डीत काम सुरू केलं, पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. आमच्या भागात विधायक संसद या संस्थेनं भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. तिथं मूल रात्री आईच्या कुशीत झोपतं. पण भट्टीवर पहाटे दिसणारं मूल विटा उलटायला लागतं, हेही मी पाहिलंय. निवासी शाळेत तिला कुणी विटा उलटायला सांगत नाही. तिथं कातकरी बोलायलाही कुणी नाही. या दोन्हींची वजाबाकी मला कधी जमलेली नाही, आणि ज्यांना ती झटकन जमते त्यांची मला थोडी भीतीच वाटते.

गेल्या मेच्या अखेरीस वळीव कोसळला. जिन्याखाली पाणी आलं. भट्टीवरच्या कच्च्या विटांचं काय झालं असेल, हे मनात येतच होतं, तेवढ्यात पेटी आठवली. वह्या भिजल्या तर? कपड्यांना बुरशी? ऊन द्यावं म्हणून ओढली, तर कुलूप. किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात, भट्टीवर. आमचे हे हातोडी घेऊन आले. मी म्हटलं, राहू द्या. पेटी बाहेरून कोरडी केली आणि गोदामाच्या कामातून उरलेल्या चार विटा आणून तिच्याखाली सारल्या.

जूनमध्ये ती आली. कुलूप काढण्याआधी तिनं एक वीट उचलली, उलटी केली, मधल्या खाचेतली अक्षरं वाचली.

"या आमच्या भट्टीच्या नाहीत," म्हणाली, आणि वीट परत जागेवर ठेवली.