बोलता येत नाही म्हणजे कळत नाही का?

खामगावातल्या आमच्या वस्तीत सेरेब्रल पाल्सी असलेली नऊ वर्षांची मुलगी आहे. मान सावरत नाही, शब्द फुटत नाहीत. "हिला काही कळत नाही, घरीच ठेवा," असे शाळेने आईला सांगितले. आम्ही समाजशास्त्र शिकलेलो, तरी तेच खरे मानले. स्नायूंवरचा ताबा गेला म्हणजे बुद्धी गेली, असे नसते.

मग पुठ्ठ्यावर चित्रे चिकटवली: पाणी, दूध, दुखते, हो, नाही. तिचा हात नेमका जात नाही, म्हणून आम्ही एकेका चित्रावर बोट ठेवतो. हव्या त्या चित्राला ती डोळे वर करते. उत्तराला वेळ लागतो. घाई आपणच करतो. तिसऱ्या आठवड्यात दुधाला तिने 'नाही' सांगितले. आई म्हणाली, "नऊ वर्सं पाजलं, अन् हिले दूध आवडतच नाही!"

शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्वाच्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला. पर्याय, शाळेचा हुकूम नव्हे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तर पर्यायी संवादसाधनेही मान्य करतो. बाबासाहेबांना वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसवले, हे आपण दर जयंतीला सांगतो. आपल्याच गल्लीतले हे लेकरू मात्र दिसले नाही.

सोमवारी लेखी अर्ज आणि तो पुठ्ठा घेऊन शाळेत जात आहोत. वस्तीतल्या पोरांनी सोबत यावे.