पहाटेचं संकलन, दुपारचं रिलीज

कोल्हापूर जिल्ह्यात दिवस उजाडायच्या आत दूध संस्थांपुढे किटल्यांची रांग लागते. काट्यावर वजन, यंत्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक), दरपत्रकातला दर आणि लगेच हातात पावती. मागचा माणूस खोळंबलेला असतो. संगणक बंद पडला तरी दूध थांबत नाही. सचिव वही उघडतो आणि हातानं लिहायला लागतो. या संस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी शहरातली टीम मात्र सकाळी दहाला लॉगिन करते. ती टीम सांभाळणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे संस्थेचं घड्याळ आपल्या मुलांच्या अंगात भिनवणं.

दूध बिल दहा दिवसांचं असतं, असं सगळेच सांगतात. नवा डेव्हलपर ते ऐकतो आणि कोडमध्ये १० हा आकडा पक्का करून टाकतो. प्रत्यक्षात बिलं १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर अशी निघतात. तिसरं बिल फेब्रुवारीत आठ (लीप वर्षी नऊ) दिवसांचं, मार्चमध्ये अकरा दिवसांचं. नवा दर ११ तारखेपासून लागू म्हणजे सकाळच्या संकलनापासून की संध्याकाळच्या, यावर अख्ख्या गावाचा हिशेब फिरतो. असे बारकावे मागणीपत्रात क्वचितच येतात. ते सचिवाला तोंडपाठ असतात, म्हणून तो सांगायचं विसरतो. नव्या मुलाला कोड दाखवण्याआधी पहाटेच्या संकलनाला उभं करणारा मॅनेजर त्याचे पुढचे कितीतरी बग आधीच टाळतो.

रिलीजची वेळही तिथंच ठरते. सकाळचं संकलन आटोपल्यावर आणि संध्याकाळचं सुरू व्हायच्या आत. बिलाच्या दिवशी तर काहीच हलवायचं नाही.

आता तारखांचं. विक्रीसाठी फिरणारा माणूस ग्राहकापुढे एक तारीख बोलून येतो आणि ती टीमवर येऊन आदळते. काम मागे पडलं की मालक म्हणतो, आणखी दोन मुलं घ्या. आयबीएमच्या ओएस/३६० प्रकल्पाचा अनुभव गाठीशी असलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं की, रखडलेल्या प्रकल्पात माणसं वाढवली तर तो आणखी रखडतो. चार-पाच जणांच्या टीममध्ये हे फार लवकर दिसतं, कारण दरपत्रकाचं कोड ओळखणारा एकुलता एक माणूस शिकवण्यातच गुंतून पडतो. तिथं कामांची यादी छाटावी: आधी बिल बिनचूक निघू दे, मोबाईलवरची पावती पुढच्या खेपेला. आणि तारीख विचारायची ती ज्याला काम करायचं आहे त्यालाच.

तंत्र पायाखालून सरकतं तेव्हा छोट्या टीमनं काय करावं, याचं उत्तर कोल्हापूर शहराच्या चित्रपटांच्या इतिहासात आहे. बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास इथं स्वदेशी कॅमेरा तयार केला. विष्णुपंत दामले तेव्हा त्यांच्या हाताशी होते. पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर १ जून १९२९ रोजी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह 'प्रभात' फिल्म कंपनीचे भागीदार झाले. मूकपट काढत असतानाच १४ मार्च १९३१ ला मुंबईत 'आलम आरा' हा बोलपट लागला आणि हातातलं कसब एका फटक्यात जुनं ठरू लागलं. वर्ष उलटायच्या आत, फेब्रुवारी १९३२ मध्ये, प्रभातनं 'अयोध्येचा राजा' हा बोलपट मराठीत आणला. हिंदी आवृत्तीही काढली. ध्वनीची बाजू उचलली ती दामल्यांनी, म्हणजे पडदे रंगवण्यापासून सुरुवात केलेल्या माणसानं. एकमेकांची कामं जवळून पाहिलेली माणसं होती म्हणूनच हे इतक्या लवकर जमलं, असं मानायला जागा आहे. आजच्या टीममध्येही टेस्टरला कोड वाचू द्यावं, डेव्हलपरला ग्राहकाचे फोन घेऊ द्यावेत.

१९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. पुण्याची ओढ आजही तशीच आहे. तिथल्या हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांच्या पगाराशी कोल्हापुरातली छोटी कंपनी स्पर्धा करू शकत नाही, आणि तसं भासवूही नये. तिला देता येतात त्या दोनच गोष्टी: मालकीतला वाटा आणि निर्णयातला वाटा. 'प्रभात'मध्ये दोन्ही होते. आवाज सांभाळणारे दामले आणि नेपथ्य सांभाळणारे फत्तेलाल यांनी मिळून १९३६ मध्ये 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला, आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

दूध संस्थांच्या सॉफ्टवेअर कंपनीत सपोर्टला बसलेली मुलगी दिवसभर सचिवांचे फोन घेते. बिलाच्या स्क्रीनवर काय अडतंय ते तिला सगळ्यांच्या आधी कळतं. पुढच्या रिलीजची यादी ठरते त्या बैठकीत तिची खुर्ची हवी, आणि कंपनीचे शेअर वाटले जातील तेव्हा त्या यादीत तिचं नावही.