काउंटरपाशी उभं राहायचं असतं

हिंजवडीत इतकी वर्षं नोकरी केली, पण पब पाहिला तो कंपनीच्या बसच्या खिडकीतूनच. बस बाणेर-बालेवाडीच्या बाजूला लागली की चकचकीत पाट्या दिसायच्या, आतून धडधड ऐकू यायची, आणि मी इअरफोन कानात खुपसून डोळे मिटायचे. त्याआधीची माझी सगळी माहिती परमिट रूमची. काळ्या काचा, आत अंधार, बाहेर ‘फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था’ अशी पाटी. आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, म्हणून ते परमिट, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तोवर मी समजत होते, की परमिट हे त्या हॉटेलवाल्याचं आडनाव असावं.

मग ऑनसाइटचं पत्र आलं: डब्लिन, ग्रँड कॅनाल डॉक, टेस्टिंगच्या टीमवर देखरेख. मी शाकाहारी, दारू न पिणारी आणि गर्दीत बोलता न येणारी. तिथे आधीपासून असलेली साताऱ्याची एक मुलगी पहिल्याच दिवशी म्हणाली, “ताई, शुक्रवारी संध्याकाळी हे लोक पबमध्ये जातात. तुम्ही गेला नाहीत, तर सोमवारी मीटिंगमध्ये काय चाललंय ते कळणार नाही तुम्हाला.” मी ते कामाचा भाग म्हणून वहीत लिहून घेतलं.

नेमकं काय करायचं असतं ते आधी एकटीने पाहून यावं, म्हणून पूलबेग स्ट्रीटवरच्या मलिगन्समध्ये गेले. धंदा 1782 पासूनचा, या जागेत 1854 पासून. जेम्स जॉइसच्या ‘डब्लिनर्स’मधल्या एका कथेतली मंडळी फिरत फिरत इथेच येऊन पोचतात. आत काळपट पडलेलं लाकूड आणि मंद दिवे. टीव्हीचा आवाज नाही, गाणी नाहीत. कोपऱ्यातलं टेबल धरलं, पर्स मांडीवर घेतली आणि वेटरची वाट पाहत बसले. कोणी येईना. शेवटी शेजारच्या आजोबांनी पेपर खाली करून सांगितलं, की इथे कोणी येत नसतं. आपण उठून काउंटरपाशी उभं राहायचं, तिथेच सांगायचं, तिथेच पैसे द्यायचे. रांग नसते, पण कोण आधी आलं ते बारमनच्या डोक्यात पक्कं असतं. हात हलवायचा नाही, टिचकी वाजवायची नाही. त्याने पाहिलं की मान किंचित हलवायची, बस. मी गेले आणि मेनूकार्ड मागितलं. मलिगन्समध्ये जेवण मिळत नाही. मिळतात ते टेटो कंपनीचे चीज-कांदा वेफर्स. ही 1954 साली सुरू झालेली डब्लिनचीच कंपनी, आणि वेफर्सना अशी चव लावण्याचं श्रेय तिला देतात. माझं त्या रात्रीचं जेवण म्हणजे तेवढं एक पाकीट, तेही उभ्याने.

शुक्रवारी टीमबरोबर गेले. इथे आले आहे तर एकदा चव बघायचीच, असं ठरवलं होतं. सगळ्यांनी गिनीज मागवली, मीही अर्धा पाइंट म्हटलं. बारमनने ग्लास नळाखाली तिरका धरला, पाऊण भरला आणि काउंटरवर ठेवून दिला. मी हात पुढे केला. बारमनने ग्लास दोन बोटांनी आपल्याकडे ओढून घेतला. टीममधला कॉर्कचा मुलगा हसू दाबत म्हणाला, की अजून झालेली नाही. ग्लास आधी तसाच ठेवायचा, आतला राखाडी गढूळपणा वर चढून खाली काळं आणि वर पांढरं असं स्वच्छ वेगळं होऊ द्यायचं, मगच उरलेला पाव भाग भरायचा. कंपनीच्या जाहिरातीप्रमाणे पूर्ण पाइंटाला या सगळ्याला 119.5 सेकंद लागतात. या बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइडबरोबर नायट्रोजन भरलेला असतो. तो द्रवात फारसा विरघळत नाही, म्हणून बुडबुडे बारीक राहतात आणि फेस घट्ट बसतो. मी ग्लासाला नाक लावून पाहिलं, तर काचेच्या कडेने बुडबुडे चक्क खाली जात होते. डोळे तपासून घ्यावेत असं वाटलं. पण ते खरंच खाली जातात. ग्लास वर रुंद असतो. मधले बुडबुडे वर चढताना द्रव वर खेचतात, तो कडेने खाली उतरतो आणि कडेच्या बारीक बुडबुड्यांना ओढून नेतो. लिमरिक विद्यापीठातल्या गणितज्ञांनी 2012 मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. तो मी फोनवर शोधून वाचत बसले आणि डोकं वर केलं तेव्हा बाकीच्यांचे ग्लास रिकामे होते.

चव सांगायची तर, बिनसाखरेच्या कॉफीत करपलेलं काहीतरी घातल्यासारखी. भाजलेल्या बार्लीची ती चव. रंगावरून मला ती भलतीच जहाल वाटली होती. प्रत्यक्षात अल्कोहोल सव्वाचार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या ‘स्ट्राँग’ बाटलीपेक्षा बरंच कमी. खरा धक्का वेगळाच होता. पूर्वी ही बिअर गाळायला माशाच्या पोटातल्या फुग्यापासून केलेला पदार्थ वापरत. आमच्या शाकाहारी घराण्यावर एवढ्यात पाणी पडलं, असं वाटून मी ग्लास खाली ठेवला. साताऱ्याच्या मुलीने धीर दिला: अलीकडच्या काही वर्षांत कंपनीने गाळण्याची पद्धत बदलली आहे, आता मासा नाही. तरीही त्यानंतर मी ‘झीरो झीरो’वरच आले. तीही तशीच काळी, तोच फेस, अल्कोहोल नाही. काउंटरवर मागताना आवाज हळू केला होता. बारमनने ‘काय?’ म्हणून मोठ्याने विचारलं, आणि सगळ्या पबला कळलं.

त्याच संध्याकाळी एक गोष्ट समजली, जी इंजिनिअरिंगला स्टॅटिस्टिक्स रटणाऱ्या कुणालाच सांगितली जात नाही. आपण पेपरात ‘स्टुडंट्स टी-टेस्ट’ सोडवतो. हा स्टुडंट म्हणजे कुणी विद्यार्थी असावा, अशी माझी वीस वर्षांची समजूत. तो होता विल्यम सीली गॉसेट, गिनीजच्या कारखान्यातला नोकर. 1899 मध्ये ऑक्सफर्डहून तो इथे आला. बार्लीचे, हॉप्सचे नमुने हाताशी असायचे थोडे, आणि निर्णय घ्यायचे असायचे मोठ्या पिंपांचे. थोड्या नमुन्यांवरून कितपत खात्रीने बोलता येतं, याचं गणित त्याने मांडलं. कंपनी नोकरांना आपल्या नावाने संशोधन छापू देत नसे, म्हणून 1908 चा तो निबंध ‘स्टुडंट’ या टोपणनावाने आला. हिंजवडीत रुजू होताना गोपनीयतेच्या करारावर सही करणाऱ्या आपण सगळ्यांनी हे वाचावं. शंभर वर्षांपूर्वी सही करणाऱ्याचं निदान टोपणनाव तरी पुस्तकात राहिलं.

आता राउंडचं प्रकरण. पुण्यात आमचा शिरस्ता टीटीएमएम: तुझं तू, माझं मी, यूपीआय उघडा आणि विषय संपवा. इथे एकाने सगळ्यांसाठी आणायचं, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. कुणी मोजताना दिसत नाही, पण प्रत्येकाला मोजमाप माहीत असतं. मी कॉर्कच्या मुलाने दिलेलं घेतलं, डेव्हलपर बाईंनी दिलेलं घेतलं, आणि “थँक यू, मला घरी फोन करायचाय” म्हणून निघाले. भारतात तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते, हे तिथल्या प्रत्येकाला हिशेबाने कळत होतं. सोमवारी साताऱ्याच्या मुलीने समजावलं: “ताई, लवकर निघायचं असेल तर पहिला राउंड तुम्ही घ्यायचा.” पुढच्या शुक्रवारी दाराशी पोचताच मी सगळ्यांसाठी मागवलं. डब्लिनमध्ये पाइंट तेव्हा सहा युरोंच्या आसपास पडायचा. सहा माणसं, गुणिले रुपये. फोनवर आलेला बँकेचा मेसेज मी अर्धवट वाचला.

बॅगट स्ट्रीटवरच्या टोनर्समध्ये मला बसायची जागा सापडली ती स्नगमध्ये. स्नग म्हणजे पबच्या आतली लाकडी खोलीवजा पेटी: स्वतःचं दार, आत बाकडी, आणि काउंटरकडे उघडणारी छोटी खिडकी. बाहेरच्यांना दिसायचं नाही आणि पेला हातात मिळायचा. पूर्वी इथे बायका बसत, धर्मगुरू बसत, पोलीस बसत. ज्यांना पिताना दिसून चालत नसे ते सगळे. कवी येट्सला मित्रांनी टोनर्सच्या स्नगमध्ये आणलं, त्याने एक शेरी घेतली, ‘झाला पब पाहून’ अशा अर्थाचं काही म्हणाला आणि घरी निघाला, असं सांगतात. नोबेल मिळालेल्या माणसाचं आणि माझं असं जमेल, हे कधी वाटलं नव्हतं. मी मात्र तिथे बराच वेळ बसले. ‘फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था’ या पाटीवर मी आजवर हसत होते. इथे तर तेच काचेचं नक्षीकाम करून, दाराला कडी लावून केलेलं! आणि बायकांना पूर्ण पाइंट द्यायला कित्येक पब 1970 च्या दशकातही नकार देत. पत्रकार नेल मॅककॅफर्टी यांनी तीसेक बायकांना घेऊन चॅथम स्ट्रीटवरच्या नियरीजमध्ये ब्रँड्या मागवल्या, मग एक पाइंट गिनीज मागितली. ती नाकारली, तेव्हा ब्रँड्या पिऊन सगळ्या पैसे न देता निघून गेल्या. असा भेदभाव कायद्याने बंद व्हायला 2000 साल उजाडलं. मी खिडकीतून हात घालून झीरो झीरोचा पूर्ण पाइंट मागवला. उगीच.

संगीतासाठी स्मिथफील्डच्या कॉबलस्टोनला जा, असं सगळ्यांनीच सांगितलं. 2021 मध्ये तिथे हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला, तेव्हा लोक वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले आणि डब्लिन महापालिकेने परवानगी नाकारली. मी स्टेज शोधत होते. स्टेज नाहीच. दाराशेजारच्या टेबलाभोवती चार-पाच माणसं आमच्या माण गावातल्या भजनी मंडळासारखी एकमेकांकडे तोंड करून बसली होती; श्रोते असले काय नि नसले काय. फिडल, टिनाची बासरी, कोपराखाली भाता दाबून वाजवायचे पाइप, आणि बोधरान नावाचा एका हातात धरून छोट्या काठीने वाजवायचा डफ. एक जण सुरू करतो, ज्यांना ती चाल येते ते मिसळतात, न येणारे वाद्य मांडीवर ठेवून ऐकतात. एक चाल संपता संपता दुसरी सुरू होते, मध्ये थांबा नाही. मी तो सांधा शेवट समजले आणि कडकडून टाळ्या वाजवल्या. एकटीने. बोधरानवाल्या बाईंनी माझ्याकडे पाहून मान डोलावली आणि पुढची अर्धी मिनिटं मी चपलेचा बंद नीट करत होते.

सगळ्यांत शेवटी ग्लासनेविनचं जॉन कॅव्हानाज. 1833 पासून एकाच घराण्याकडे. आदल्याच वर्षी सुरू झालेल्या कबरस्तानाच्या भिंतीला लागून, म्हणून लोक त्याला कबर खोदणाऱ्यांचाच पब म्हणतात. खोदणारे भिंतीवर ठोकून पेला मागवत, अशी आख्यायिका. इथे टीव्ही नाही, संगीत नाही. फरशी झिजलेली, बाकडी कडक. काउंटरपाशी उभी राहिले, मान किंचित हलवली, बारमनला पहिल्या फटक्यात समजलं. शेजारचे आजोबा म्हणाले, कुठल्या? मी पुणे म्हटलं, चेहरा कोरा. महाराष्ट्र म्हटलं, तर म्हणाले, “म्हणजे लिओच्या गावची!” लिओ वराडकर, दोनदा तिथले पंतप्रधान झाले; वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. 2019 च्या डिसेंबरात ते वराडला येऊनही गेले. आजोबांची तक्रार होती, की मार्च 2020 मध्ये कोविडमुळे पब बंद करायला लावले ते याच माणसाने, आणि जेवण न देणारे डब्लिनचे पब त्यानंतर वर्षभराहून जास्त बंद राहिले. मी महाराष्ट्राच्या वतीने दिलगिरी व्यक्त केली. ते म्हणाले, 1927 च्या कायद्याने गुड फ्रायडेलाही पब बंद असायचे, तो नियम 2018 मध्ये गेला. मी आषाढी एकादशीच्या ड्राय डेचं सांगितलं. त्यांनी तपशिलात विचारलं, की मग आदल्या दिवशी दुकानांसमोर रांग लागते का. लागते, म्हटलं. या विषयावर आमचं पूर्ण एकमत झालं आणि मी राउंड घ्यायचं विसरले नाही.

बेलफास्टचा क्राउन राहिला. तो ब्रिटनच्या नॅशनल ट्रस्टने 1978 मध्ये घेऊन जपलेला आहे, गॅसचे दिवे आणि घंटा असलेले स्नग आहेत म्हणतात. डब्लिनहून थेट रेल्वे आहे, वाटेत सीमेवर सहसा कोणी थांबवतही नाही. पण पलीकडे युनायटेड किंग्डम लागतं आणि त्यासाठी मला वेगळा व्हिसा हवा होता. तो मी काढला नव्हता.

कुणी हिंजवडीहून डब्लिनला निघालं असेल, तर टेम्पल बारचा गजबजलेला भाग एकदा फिरून पाहावा आणि पाइंट दुसरीकडे प्यावा. मलिगन्सला आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जा, कॉबलस्टोनला संध्याकाळी, टोनर्सच्या स्नगसाठी लवकर पोचा. पोटात काहीतरी टाकून जा. सोमवार ते गुरुवार रात्री साडेअकराला विक्री थांबते, ग्लास संपवायला अर्धा तास मिळतो. दारू पीत नसाल तर झीरो झीरो मोठ्याने मागा, कुणालाही काही वाटत नाही. आणि एकाच ठिकाणी जाण्याइतका वेळ असेल, तर ग्लासनेविनला जा.