रोलर सायलेन्सरवर फिरला, ठीक आहे...

परवाचा फोटो तुम्हीही बघितला असेल. रस्त्यावर ओळीनं मांडलेले सायलेन्सर आणि वरनं जाणारा रोलर. ग्रुपवर टाळ्याच टाळ्या. मीपण अंगठा दिला. रात्री अकराला घरासमोरनं कुणी फटाके फोडत गेलं की माझंही डोकं फिरतं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी जुन्या मित्राचा फोन. "त्यात आमच्या पोराचापण हाय. तू जरा समजावून सांग त्याला." हो म्हणालो आणि फोन ठेवून तसाच बसलो. कुठल्या तोंडानं समजावणार होतो?

साल १९९१. कोल्हापूर, उद्यमनगर. भंगारात एक येझदी पडलेली. इंजिन जाम, टाकी गंजलेली, सीटच्या जागी पोतं. कागदपत्रं मात्र होती. अठराशेला ठरली. आम्ही तिघं. एकानं सायकल विकली, एकाच्या आईनं दुधाच्या पैशातनं गुपचूप दिले, मी सुट्टीभर लेथवर हेल्परी केली.

उद्यमनगर म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. शेतावरच्या ऑइल इंजिनांचे सुटे भाग जिथं गल्लीगल्लीत बनायचे, तिथं येझदीचं बुश काय अवघड? नाइट शिफ्टचा टर्नर एका मिसळीवर करून द्यायचा. बोअर मारून घेतला, ओव्हरसाइझ पिस्टन जुन्या बाजारातनं आणला. टाकीत मूठभर खडी घालून दोघांनी तासभर हलवली, तेव्हा गंज निघाला. सायलेन्सर कॉस्टिक सोड्यानं धुतले आणि आतल्या नळ्या काढून फेकल्या. काय आवाज होता! आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, अशी आमची समजूत. टू-स्ट्रोकचं उलटं असतं. सायलेन्सरमधनं मागं येणारा दाबच ताजं पेट्रोल सिलेंडरबाहेर सांडू देत नाही. नळी काढली की गाडी बोंबलते जास्त, ओढते कमी. हे कळायला मला पुढं दहा वर्षं लागली.

मिस्त्री एकच गोष्ट सारखी सांगायचे, "पोरांनो, आधी ब्रेकची लायनर बदला." दोन्ही चाकांचे मिळून दीडशे रुपये. पैसे माझ्याकडं होते. मी त्यात हँडलला क्रोम मारून आणलं. मित्रांना सांगितलं, लायनर बसवली.

पन्हाळ्यावरनं खाली येताना वाघबीळच्या उतारावर गाडी थांबेना. टू-स्ट्रोकला इंजिनाचा ब्रेक नावालाच, आणि ड्रम तापल्यावर होतं नव्हतं तेही गेलं. मी चालवत होतो. मला खरचटलं. मागं बसलेल्याची नडगी दोन ठिकाणी मोडली. घरी सांगितलं, कुत्रं आडवं आलं. तो आजही जरा लंगडतो. फोन त्याचाच होता.

अमेरिकेत या वेडाला हॉट रॉड म्हणतात. १९३२ च्या जुन्या फोर्ड स्वस्तात घ्यायच्या, जड भाग काढून टाकायचे, इंजिन फुगवायचं आणि पळवायचं. तिथंही पोरं रस्त्यावर मरत होती, लोक वैतागले होते. १९५१ साली हॉट रॉड मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी एनएचआरए नावाची संघटना काढली. रस्त्यावरची शर्यत बंद पट्ट्यावर न्यायची आणि गाडी सोडायच्या आधी तपासायची, हा त्यांचा धंदा. खूळ गेलं नाही, पण त्याला जागा मिळाली.

आपल्याकडं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही गाडीच्या मूळ रचनेत फेरफार नको असं बजावलं. माझी त्याला हरकत नाही. पण घरच्या दुचाकीची नोंदणी एकदा झाली की १५ वर्षांची. मधल्या काळात पीयूसीवाला धूर मोजतो, ब्रेक कोण बघतं? लायनर झिजलं म्हणून कधी फोटो छापून आलाय? आणि ज्या पोराला गाडी उघडायचीच आहे, त्यानं ती कुठं उघडायची? आयटीआयचं वर्कशॉप रविवारी बंद असतं. तेवढा एक दिवस उघडा, वर एखादा निवृत्त मिस्त्री बसवा. याला किती निधी लागतो, हे नगरसेवकांनी सांगावं.

असो. रविवारी मित्राकडं गेलो. पोराकडं जुनी आरएक्स १०० आहे, स्वतः जुळवलेली. हात चांगला आहे त्याचा. म्हणालो, सायलेन्सरचं नंतर बघू, पुढचं चाक काढ. लायनर पाटीसारखं गुळगुळीत झालेलं.

"काका, हे कधी बघितलंच नाही."

मग मी दोघांसमोर दीडशे रुपयांचं सांगितलं. तेहतीस-चौतीस वर्षांनी. मित्र उंबऱ्यात चहाचा कप घेऊन उभा होता. (त्याला विचारूनच हे लिहितोय.) बराच वेळ काही बोलला नाही.

"तरीच म्हटलं," शेवटी म्हणाला, "त्या क्रोमला पैसे कुठनं आले." आणि पोराकडं वळून, "उद्यमनगरात उद्या सकाळी लवकर जा. दोन्ही चाकांची आण."