हेफ्सीबा

एकवचन आणि अनेकवचन यांच्यात 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांइतके अंतर आपल्या भाषेत क्वचितच पडले असेल. बारशाच्या दिवशी आत्याबाई पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात सांगते ते नाव ठेवणे. आणि त्याच बाळाच्या आईला आळीतल्या बायका पुढे जन्मभर जे करतात ते नावे ठेवणे. पहिला संस्कार, दुसरा स्वभाव. परंतु ही दोन्ही कामे एकदमच उरकणारी काही नावेही आपल्याकडे आहेत, आणि त्यांच्याविषयीच मला चार शब्द लिहावयाचे आहेत. तिकडे जाण्याची माझी वाट मात्र जरा आडवळणाची आहे. ती इंग्रजी कादंबऱ्यांतून आणि यहुदी लोकांच्या धर्मग्रंथातून जाते. ज्याने उभा जन्म इंग्रजी शिकविण्यात घालविला त्याला एवढी सवलत वाचक देतील अशी आशा आहे.

जॉर्ज एलियट या लेखिकेची 'सायलस मार्नर' ही कादंबरी १८६१ साली प्रसिद्ध झाली. मी ती अनेक वर्षे वर्गात शिकविली आहे. सायलस हा एकलकोंडा कोष्टी. माणसांनी दगा दिला म्हणून त्याने सोन्याच्या नाण्यांवर जीव लावला, आणि एके रात्री ती नाणीही चोरीस गेली. पुढे वर्षअखेरच्या एका बर्फाळ रात्री एक चिमुकली पोर उघड्या दारातून आत आली व चुलीपाशी निजली. तिचे पिवळे केस पाहून त्या अधू दृष्टीच्या माणसास क्षणभर वाटले की सोनेच परत आले. पोरीची आई बाहेर बर्फात मरून पडली होती. सायलसने मुलीला ठेवून घेतले आणि तिला आपल्या आईचे व धाकट्या बहिणीचे नाव दिले: हेफ्सीबा. शेजारणीला ते भारीच अवघड वाटले. तेव्हा बहिणीला 'एप्पी' म्हणत असत असे त्याने सांगितले, आणि पोर एप्पी झाली. वर्गात या जागी विद्यार्थी नेहमी हसतात. हसे ओसरले की मी त्यांना त्या नावाचा अर्थ सांगतो.

हे नाव म्हणजे एक सबंध वाक्य आहे. हिब्रू भाषेत 'हेफेत्स' म्हणजे आवड, आनंद. त्याला 'ई' हा प्रत्यय लागला की 'माझा आनंद'. 'बाह' म्हणजे 'तिच्या ठायी'. 'माझा आनंद तिच्या ठायी आहे,' हा त्या नावाचा अर्थ. क्रियापद नाही, आणि हिब्रूला अशा ठिकाणी त्याची गरजही भासत नाही. आपल्या घरगुती मराठीत सांगावयाचे तर 'तिच्यात माझा जीव'.

अशी जोडनावे हिब्रूत पुष्कळ आहेत. दानिएल म्हणजे 'देव माझा न्यायाधीश', इम्मानुएल म्हणजे 'आम्हासंगे देव', योनाथान म्हणजे 'देवाने दिला', अर्थात आपला देवदत्तच. आमच्या कोकणातील बेने इस्राएल मंडळींनी हीच नावे मराठी वळणाने घडविली. १७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभारणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे लोकांत सामाजी हसाजी म्हणून ओळखले जात. इझिकेल म्हणजे 'देव बळ देतो'. 'हसाजी' अशी हाक मारताना ते बळ कोणाच्या ध्यानात राहत असेल असे वाटत नाही. रोजच्या वापराने नाण्यावरचा छाप पुसावा तसा नावाचा अर्थ पुसला जातो.

तथापि या सर्वांत हेफ्सीबा निराळी पडते. संस्कृत नावे बहुधा समास असतात, हिब्रू नावे बहुधा वाक्ये. आणि त्या वाक्यांत कर्ता बहुतेक वेळी देव असतो. देव देतो, देव ऐकतो, देव न्याय करतो. हेफ्सीबात देवाचे नाव नाही. तेथे एक 'मी' आहे आणि एक 'ती' आहे, एवढेच. शिवाय 'ती' नावातच बसलेली असल्यामुळे हे नाव मुलाला देण्याची सोय नाही. ज्या काळी मुलगा होणे हेच कुळाचे भाग्य मानीत त्या काळी कोणी तरी हे केवळ मुलीपुरते वाक्य रचले, हे मला विशेष वाटते.

नाव मात्र दुर्मिळच राहिले. साऱ्या हिब्रू धर्मग्रंथात या नावाची स्त्री एकच: यहुदाचा राजा हिज्कीया याची पत्नी, आणि बाराव्या वर्षी गादीवर बसून पंचावन्न वर्षे राज्य करणाऱ्या मनश्शेची आई. तिचा उल्लेख एकाच ठिकाणी येतो, तोही मुलाच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने. आणि हा मुलगा ग्रंथकर्त्याच्या मते अत्यंत वाईट राजा निघाला. पुढे प्युरिटन पंथाच्या लोकांनी जुन्या करारातील नावे उत्साहाने उचलली, त्यांच्याबरोबर हेही अमेरिकेस गेले. हॉथॉर्नच्या १८५१ सालच्या कादंबरीतील हेप्झिबा ही अधू दृष्टीमुळे कपाळास आठ्या घालणारी, म्हणून साऱ्या गावाला तुसडी वाटणारी एक वृद्ध कुमारिका आहे. 'तिच्यात माझा जीव' असे तिच्याविषयी म्हणणारा, तिच्या भावावाचून जगात कोणी नव्हता. विसाव्या शतकात येहुदी मेन्युहिन या विख्यात व्हायोलिनवादकाची पियानोवादक बहीण हेफ्सीबा (१९२०–१९८१) हिने ते नाव गाजविले, आणि १९२२ साली गिल्बोआ डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका सामुदायिक वसाहतीनेही ते धारण केले.

वसाहतीने मुलीचे नाव का घ्यावे, याचे उत्तर यशयाच्या ग्रंथात सापडते. त्या ग्रंथाच्या बासष्टाव्या अध्यायात संदेष्टा यरुशलेम नगरीला, जणू एखाद्या स्त्रीला सांगावे तसे, सांगतो की यापुढे तुला कोणी 'अझूबा' म्हणणार नाही. तुझे नाव हेफ्सीबा होईल. अझूबा म्हणजे टाकलेली. हा अध्याय बाबिलोनच्या वनवासानंतरचा असावा असे अनेक पंडित मानतात. म्हणजे नगरी अद्याप पुरती सावरलेली नसतानाच हे नवे नाव तिला मिळाले. आणि अझूबा ही काही नुसती कविकल्पना नव्हे. यहोशाफाट राजाच्या आईचे नाव अझूबाच होते. कोणा बापाने आपल्या पोटच्या पोरीचे नाव 'टाकलेली' असे ठेवले होते, आणि ती राणी झाल्यावरही ते तिला चिकटून राहिले.

हे मी वर्गात सांगतो तेव्हा मला परकी गोष्ट सांगितल्यासारखे वाटत नाही. माझ्या आत्याचे नाव नकोशी होते.

सातारा जिल्ह्यातील आमच्या घरी आजीला ओळीने पाच मुली झाल्या. पाचवीचे हे नाव ठेवले, आणि तिच्या पाठीवर माझे वडील जन्मले. नाव लागू पडले, असा घरातल्या थोरांचा निर्वाळा होता. आणि त्या हिशेबाने मी, माझी भावंडे, आमची मुलेबाळे, सारी त्या नावाचीच फळे ठरतो. आपल्याकडे धोंडू, दगडू, केरू अशीही नावे असतात. मुले दगावत असली म्हणजे काळाची दृष्ट पडू नये म्हणून ती ठेवीत. परंतु ती नावे म्हणजे मृत्यूला दिलेली हूल आहे. आईबापांना ते पोर दगड वाटत नसते. नकोशीत अशी हूल नाही. धोंडू म्हणताना 'याला नेऊ नकोस' अशी विनवणी असते; नकोशी म्हणताना 'अशी आणखी पाठवू नकोस' अशी.

लग्नात ताटातील तांदळावर अंगठीने तिचे नाव लक्ष्मी असे लिहिले गेले. पण माहेरी ती नकूआत्याच राहिली. एप्पीप्रमाणेच 'नकू'तही अर्थ निम्मा झाकला जाई, आणि आम्ही पोरे ती हाक लाडाचीच समजत असू. पाळण्यावर वाकून आम्हा सर्व भावंडांच्या कानात आमची नावे तिनेच सांगितली. माझे नाव या जगात प्रथम जिच्या तोंडून उच्चारले गेले, तिचे स्वतःचे नाव असे होते.

२०११ सालच्या ऑक्टोबर महिन्यात सातारा जिल्ह्यात अडीचशेंहून अधिक 'नकुशीं'ना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली नऊशेंहूनही कमी भरल्या होत्या. आत्या तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होती. मी तिला वर्तमानपत्रातील ती बातमी वाचून दाखविली. ती शेंगा फोडीत बसली होती.

"पोरींना इचारलं का, कुठलं नाव पायजे त्ये?" तिने पहिला प्रश्न केला.

काही मुलींनी आपल्या आवडीची नावे घेतली, कोणी सिनेमातल्या नटीचे, कोणी देवीचे, असे मी सांगितले.

"मग ब्येस झालं," ती म्हणाली.

तेव्हा मी तिला हेफ्सीबाची हकीकत सांगितली. नावाचा अर्थ ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मंजी हाक मारणाऱ्याला दर येळी 'माझा जीव' म्हणावं लागतंय की रं." आणि लगेच हसून, "भांडताना काय करत असतील?"

त्या कादंबरीवरील इतकी टीका मी वाचली आहे, परंतु हे मर्म मला कोठे आढळले नव्हते. हेफ्सीबा या नावात बोलणारा हजर आहे. हाक कोणीही मारो, रागाने मारो की लोभाने, त्याला ते 'माझा' उच्चारावेच लागते. उलट नकोशी या शब्दात बोलणारा कोणीच नाही. कोणाला नकोशी? आजोबांना, की आजीला, की वाड्यावर येणाऱ्याजाणाऱ्यांना? मी आमच्या घरात हा प्रश्न पुष्कळ वेळा विचारला, आणि प्रत्येकाने दुसऱ्याचे नाव सांगितले. आजी म्हणे सासूने ठेवले. थोरल्या चुलत्यांच्या मते ते सुइणीच्या तोंडून निघाले. शब्द घरभर होता, त्याचा धनी कोणी नव्हता. अशी नावे टिकतात याचे एक कारण हेही असेल. ज्या वाक्यात 'मी' नाही ते बोलण्यास कोणालाच जड जात नाही.

नाव बदलल्याने दैव बदलते असे माझे म्हणणे नाही. मनश्शेची आई आणि हॉथॉर्नची वृद्धा या दोघी त्याच्या उलटच साक्ष देतात. पण सायलसने ते नाव ठेवले आणि मग सोळा वर्षे त्या नावाप्रमाणे तो वागला. पोरीला न्हाऊमाखू घातले, ती आजारी पडली तर रात्र रात्र जागला. वाक्य उच्चारणे सोपे होते. ते खरे करणे हे त्याचे काम होते, आणि ते त्याने केले. आत्याच्या वाट्याला असा कोणी आला की नाही, हे तिने कधी सांगितले नाही. माझ्या मुलीच्या बारशाला मात्र नाव काय ठेवावे म्हणून मी विचारले तेव्हा तिने सुचविलेले नाव आम्ही ठेवले. ते साधे, चार घरांत असते तसे आहे. पाळण्यावर वाकून तिने ते मुलीच्या कानात सांगितले, आणि मग आणखी काही तरी, बराच वेळ, फार हळू आवाजात. काय सांगितलेस, असे आम्ही विचारले, तर ती म्हणाली, "त्ये तिचं नि माझं हाय."